एकही ग्रह नसलेलं आभाळ

साताऱ्याहून निघताना शेजारच्या तिघी मला फाटकापर्यंत पोचवायला आल्या आणि तिघींनीही डोळ्याला पदर लावला. मी काही काशीला चालले नव्हते, वऱ्हाडात एका लग्नाला चालले होते. पण बासष्ट सालच्या त्या फेब्रुवारीत मकर राशीत आठ ग्रह एकत्र येणार, अष्टग्रही होणार, आणि मग भूकंप, पूर, लढाई, काय वाटेल ते होऊन जग बुडणार, असं सगळ्या देशानं ठरवून टाकलं होतं. "जगलो वाचलो तर भेटूच," असं म्हणून एकीनं मला मिठी मारली आणि लगेच कानात म्हणाली, "तेवढी माझी परात देऊन जाता का?" जग बुडायला निघालं होतं आणि हिला परात हवी होती! मी परात दिली, कुलूप लावलं आणि निघाले.

मला कुणी भिववायला लागलं की भीतीच्या आधी राग येतो, हा माझा जुना स्वभाव. त्यातून मी भूगोलाची मास्तरीण. गेल्याच वर्षी रशियाचा एक माणूस पृथ्वीभोवती फेरी मारून सुखरूप खाली आला होता. वर्गात पोरींना तो धडा मी दोन तास शिकवला होता, पुस्तकात नसताना. आणि त्याच पोरींच्या आया आता हातात समिधांच्या मोळ्या घेऊन यज्ञाला चाललेल्या! संतापानं माझं डोकं फिरायची वेळ आली होती, म्हणून लग्नाचं बोलावणं आलं तेव्हा मला हायसं वाटलं.

बोलावणं कमलचं. कमल वऱ्हाडातल्या हिवरखेडची, अकोला जिल्ह्यातली. मास्तरकीच्या ट्रेनिंगसाठी साताऱ्याला आली, तेव्हा दोन वर्षं माझ्या घरी राहिली होती. आता अकोटच्या शाळेत शिकवते. तिनं स्वतःच्या लग्नाची तारीख धरली ती नेमकी रविवार, चार फेब्रुवारी. अष्टग्रहीच्या ऐन मध्यावर. आणि मला बजावून कळवलं, "बाई, येताना तुमची दुर्बीण आणा. त्यांच्या आई ग्रहांना फार भितात. एकदा डोळ्यांनी पाहिलं की भीती जाईल."

मला ही कल्पना इतकी आवडली की माझी छोटी पितळी दुर्बीण मी जुन्या लुगड्यात गुंडाळली आणि मांडीवर घेऊनच गाडीत बसले. डबा जवळजवळ रिकामा होता. मरायचंच तर घरी मरू, अशा विचारानं लोकांनी प्रवास टाकला होता. आयुष्यात पहिल्यांदा मी बाकावर पाय पसरून झोपले, त्याबद्दल अष्टग्रहीचे आभार मानायला हवेत.

भुसावळला उजाडलं. खिडकीतून सूर्य वर येताना दिसला आणि त्याच्याकडे पाहता पाहता माझी चूक माझ्या लक्षात आली. अगं बाई! सूर्यही मकरेत, चंद्रही मकरेत, आणि बाकीचे सगळेही मकरेत. म्हणजे सगळे ग्रह सूर्याच्या अवतीभवतीच. त्याच्याबरोबर उगवणार, त्याच्याबरोबर मावळणार. रात्री आभाळात दाखवायला एकही ग्रह नाही, आणि अमावास्या म्हणून चंद्रही नाही! पंचवीस वर्षं भूगोल शिकवणाऱ्या बाईला एवढं कळायला भुसावळ यावं लागलं. दुर्बीण मांडीवर होती, ती बाजूला ठेवून मी तिच्याकडे पाठ करून बसले.

अकोला, शनिवार

अकोल्याच्या स्टेशनाबाहेर पडताच तुपाचा धूर नाकात गेला. चौकात मांडव, त्यात होम, कर्ण्यावरून मंत्र. रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला कापसाच्या गाड्यांची रांग आपली संथपणे सरकी काढायच्या जिनाकडे चाललेली. ग्रह काय करायचं ते करोत, कापूस विकायचाच होता. गाड्यांच्या फटींतून उडालेल्या कापसानं बाभळींची झाडं पांढरी झाली होती. आमच्याकडे रस्त्यावर उसाची चिपाडं पडतात, इथे कापसाचे पुंजके.

एका हॉटेलात शिरले. हॉटेल म्हणजे पत्र्याखाली दोन बाकडी. मालक गल्ल्यावर बसून जिलबी खात होता. मी एक आलूबोंडा मागितला, तर त्यानं ताटलीत चार ठेवले, वर शेव ओतली, वर मुठीनं सांबार टाकलं. सांबार म्हणजे इकडे कोथिंबीर.

"अहो, एवढं कोण खाणार?"

"खाऊन घ्या, बाई. कोनासाठी ठेवू? उद्या सारं बुडूनच रायलं."

त्याच्या मागे फळीवर लाडवांची एक बरणी तोंडाला फडकं बांधून ठेवलेली होती. मी विचारलं, "मग ती बरणी?"

त्यानं वळून बरणीकडे पाहिलं, आणि जरा ओशाळून म्हणाला, "ते सोमवारसाठी. समजा, नाई बुडलं तं?"

मला हा माणूस फार आवडला. साताऱ्याच्या परातीचा आणि याच्या बरणीचा धर्म एकच होता. तोंडानं बुडालो म्हणायचं आणि हातानं सोमवारची तयारी करायची. मला वाटतं, माणसाची जात एवढी वर्षं टिकली ती अशीच.

अकोटच्या मोटारीत कंडक्टर माझ्या गुंडाळीला हात लावून पाहत राहिला. "हे काय हाय? बंदूक?"

"दुर्बीण आहे. लांबचं दिसतं."

मोटारभर बातमी पसरायला वेळ लागला नाही. पूर्णा नदी ओलांडेपर्यंत माझी बढती झाली होती. मागच्या बाकावरून कुणीतरी कुणाला तरी सांगत होतं, "सरकारनं बाई पाठवली. यंत्र लावून पाहनार, किती वाजता होते ते." मी मागे वळून चांगलं खडसावलं, तर तो हात जोडून म्हणाला, "बरोबर हाय. तुमाले सांगता येत नसन." आता यावर काय बोलायचं? मी खिडकीबाहेर पाहत बसले.

बाहेर पाहण्यासारखं पुष्कळ होतं. साताऱ्यात कुठेही उभं राहा, एखादा डोंगर डोळ्यांपुढे येतोच. इथे काळी माती सरळ आभाळाला जाऊन टेकते. तूर कापलेली, हरभरा घाटे धरलेला, गहू हिरवागार. उत्तरेला तेवढी सातपुड्याची निळी कड. एवढं मोठं आभाळ मी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं, आणि माझ्याकडे त्यात दाखवायला काही नव्हतं.

हिवरखेड, शनिवारची संध्याकाळ

कमल अकोटच्या स्टँडवर आली होती. तशीच काटकुळी, तशीच ताठ. हिवरखेडला पोचेपर्यंत मी इकडचं तिकडचं बोलत राहिले. घरी चहा झाल्यावर मी एकदाचं सांगून टाकलं, की उद्या ग्रह दिसणार नाहीत, एकसुद्धा नाही.

तिनं कपाळाला हात लावला. मग खो खो हसत सुटली. "बाई, तुम्ही साताऱ्याहून रिकामी दुर्बीण आणली?" हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते पाणी काही नुसतं हसण्याचं नव्हतं.

मग तिनं सगळं सांगितलं. नवरा मुलगा मनोहर, अमरावतीला बांधकाम खात्यात ओव्हरसिअर. भला माणूस. वडील नाहीत, आई आहे, गंगाबाई. छप्पन साली दोन्ही घरांनी दीक्षा घेतली. देव्हारे काढले, पंचांगं गेली. त्याच्या पुढच्याच वर्षी गंगाबाईंनी मोठ्या मुलाचं लग्न लावलं, कुणाचं काही न ऐकता, भर पौषात. वर्षाच्या आत ती सून पहिल्या बाळंतपणात गेली. लोक बोलले, तुम्ही वेळ पाहिली नाही म्हणून शनीनं नेली. गंगाबाई त्यावर हो म्हणत गेल्या, आणि तेव्हापासून त्यांच्या मनात धास्ती बसली. आता त्या म्हणतात, लग्न करा, पण एवढे दोन दिवस जाऊ द्या.

"मग जाऊ दे की दोन दिवस," मी म्हटलं. "तुझा हट्ट कशाला?"

"बाई, हे तुम्ही म्हणता?" कमल एकदम चिडली. "आज आठ ग्रहांसाठी थांबले तर उद्या मांजर आडवं गेलं म्हणून थांबायचं. आणि समजा उद्या मलाच काही झालं, तर त्या पुन्हा म्हणतील, तारीख चुकली. मला त्या घरात भीतीच्या हाताखाली नांदायचं नाही. मी मनोहरला सांगितलंय. लग्न रविवारी. नाहीतर नाहीच."

कमलचे वडील किसनबाबा उंबऱ्यात बसून ऐकत होते. शांत माणूस, थोडकं काळ्या मातीचं वावर आणि वर मजुरी. ते म्हणाले, "आमच्या घरी भिंतीवर एक कॅलेंडर हाय. त्यात रविवार लाल हाय, शायेले सुट्टी हाय. तेवढा मुहूर्त आमाले पुरते." मग आवाज उतरवून माझ्याकडे वळले. "पन बाई, ते बुढी नाई मानली तं माह्या पोरीचं लग्न मोडते. पोट्टी मागं फिरनारी नोय. तुमाले ठावं हाय."

ठावं होतं. दोन वर्षं सांभाळली होती मी तिला.

जेवायला ज्वारीची भाकर, वांग्याचं भरीत आणि असा ठेचा, की पहिल्या घासाला मला आठच्या आठ ग्रह दिसले. "तिखट झालं काय वं?" म्हणत कमलच्या मायनं भाकरीवर पळीभर तेल ओतलं. आमच्याकडे तिखट लागलं तर दही वाढतात, इथे तेल. तेलानं खरंच उतरतं.

हिवरखेड, रविवार

सकाळी उठून पाहते तो गाव रिकामं. भूकंपात छपरं अंगावर पडतील म्हणून सगळे वावरात राहायला गेले होते. बाजा, गाद्या, पाळणे, कोंबड्यांची खुराडी, एका बाईनं तर जातंसुद्धा नेलं होतं. नामदेव पाटलांचं मोठं वावर गावाला लागून. त्यांचं पीक निघालेलं, म्हणून गावची बिऱ्हाडं तिथे पडली. किसनबाबांचं वावर त्याला चिकटून, त्यात बौद्ध वस्तीची बिऱ्हाडं. मधे धुरा. आमच्याकडे ज्याला बांध म्हणतात तोच. जग बुडण्याच्या दिवशीही लोकांनी धुरा ओलांडला नव्हता, एवढं मी पाहून ठेवलं.

लग्न विहारात व्हायचं होतं. विहार म्हणजे पत्र्याची एक खोली. पण पत्र्याखाली यायला पाहुणे तयार नाहीत. "भेव नाई आमाले," एक मावशी मला म्हणाल्या, "पन कायले उगाच?" शेवटी किसनबाबांनी बुद्धाची तसबीर, मेणबत्त्या आणि सतरंजी वावरात आणली. बिनछपराचा मांडव. कमल पांढरं पातळ नेसून बाजेवर बसली. अकोटहून बौद्धाचार्य वेळेवर आले. वऱ्हाड मात्र येईना.

सकाळची वेळ टळली. जेवणं झाली. गरम रस्सा आणि त्यात बेसनाच्या पातोड्या, उन्हात बसून. कमलनं घास घेतला नाही. दुपार कलली तेव्हा कुठे अमरावतीकडची कापसाची ट्रक धूळ उडवत आली. ड्रायव्हर दर्यापूरला अडून बसला होता म्हणे, आजच्या दिवशी चाक हलवणार नाही म्हणून. मनोहरनं स्वतः हॅंडल मारून गाडी सुरू केली, तेव्हा तो लाजून चाकामागे येऊन बसला.

सगळे उतरले. गंगाबाई उतरल्या नाहीत. ड्रायव्हरशेजारच्या जागेवर, दांडा धरून, समोर पाहत बसल्या. बारीक चणीची, पिकल्या केसांची बाई. किसनबाबांनी हात जोडले. त्या म्हणाल्या, "पाहुने, माहा तुमच्यावर राग नाई. पोरगी सोन्यासारखी हाय. म्हनूनच म्हनून रायली. उद्या लावा. म्या अठीच बसून राहीन गाडीत रातभर."

"उद्या नाही," कमल बाजेवरून म्हणाली. मोठ्यानं नव्हे, पण ऐकू जाईल असं.

मनोहर दोघींच्या मधे उभा. मी त्याला गाठलं. "अहो नवरदेव, तुमचं काय म्हणणं?"

"बाई, आईला गाडीत ठेवून मी लग्नाला बसणार नाही. आणि कमलला टाकून परत जाणार नाही."

"मग करणार काय?"

"उभा राहतो," तो म्हणाला. आणि खरोखर तिन्हीसांजेपर्यंत उभा राहिला. मला त्याचा रागही आला आणि कौतुकही वाटलं.

सूर्य मावळला. त्या मोकळ्या रानात अंधार खालून वर चढतो, हे मला तिथे कळलं. आधी माती काळी, मग झाडं, आभाळ सगळ्यात शेवटी. चांदण्या उगवल्या त्या भस्सकन उगवल्या. मृग, रोहिणी, व्याध. साताऱ्याला डोंगर अर्धं आभाळ खातात, इथे ते सगळंच्या सगळं पुढ्यात. माझ्याभोवती लोक जमायला लागले. "यंत्र लावा नं, बाई." धुऱ्यापलीकडूनही पन्नासेक माणसं धुऱ्याला येऊन टेकली. नामदेव पाटील म्हातारे, काठी टेकत पुढे आले.

मी दुर्बीण काढली नाही. ट्रकच्या पायरीवर चढून उभी राहिले, गंगाबाईंच्या खिडकीशी, आणि वर्गात बोलते तशी बोलले. म्हटलं, आज आभाळात एकही ग्रह नाही. सगळे सूर्याबरोबर तिकडे पश्चिमेला मावळले. आणि ते एकत्र वगैरे काही आलेले नाहीत. आपल्याला इथून तसे दिसतात. अकोटच्या रस्त्यावर कापसाच्या गाड्या दुरून एकीला एक चिकटलेल्या दिसतात, जवळ गेलं की दोन गाड्यांत एक बैलजोडी फिरेल एवढी जागा असते. तसंच हे. एकेका ग्रहात कोट्यवधी मैलांचं अंतर आहे, आणि त्यांतल्या बहुतेकांच्या नि आपल्या मधे आज सूर्य आहे.

गंगाबाईंनी पहिल्यांदाच माझ्याकडे मान वळवली.

"म्हंजे आमच्याइकडं कोनाचंच ध्यान नाई?"

"नाही," मी म्हटलं. मला वाटलं, जिंकले.

"मंग माही सून कोनाच्या पायी गेली?"

पंचवीस वर्षं वर्गावर उभी राहिले, पण असा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. ग्रह लांब आहेत हे मला सांगता येत होतं. शनी नाही तर मग कोण, हे कुठून सांगणार? मी पायरीवरून खाली उतरले. फार वाईट वाटलं मला. एवढ्या लांबून येऊन मी त्या बाईचा शनीही काढून घेतला होता आणि हातावर काहीच ठेवलं नव्हतं.

तेवढ्यात धुऱ्यावरून कुणीतरी किंचाळलं, "निघाला! एक निघाला!"

पश्चिमेला, सूर्य बुडाला होता नेमका त्याच अंगाला, एक तारा वर येत होता. ठळक, पिवळसर, आणि सरळ चालत. चमचम नाही, आवाज नाही. बाकीच्या चांदण्या जागच्या जागी आणि हा एकटा त्यांच्यामधून वाट काढत आमच्याकडे येतोय. आणि मीच तर आत्ता सांगितलं होतं, की सगळे ग्रह तिकडे आहेत म्हणून! आठांतला एक सुटला, आणि पडायला आपल्या डोक्याकडे निघाला, अशी सगळ्यांची खात्री पटली.

मग जे झालं ते सांगता येत नाही. बायका ओरडल्या, बैल दावी तोडायला लागले, पाटलांच्या वावरातली माणसं धुऱ्यावरून आमच्या वावरात लोटली, कारण पळायचं कुठे हे कुणालाच कळेना आणि दिवा तेवढा आमच्याकडे होता. कोण कुणाच्या अंगावर पडलं, कुणाचं पोर कुणाच्या कडेवर गेलं, काही हिशेब नाही. नामदेव पाटील कमलच्या मायचा हात घट्ट धरून उभे होते. त्यांना ते ठाऊकही नसावं. गंगाबाई ट्रकमधून उतरल्या कधी ते कुणी पाहिलं नाही. मी पाहिलं तेव्हा त्या धडपडत बाजेकडे चालल्या होत्या, आणि कमलपाशी पोचून त्यांनी तिच्या डोक्यावर स्वतःचा पदर टाकला. पडायचं ते आपल्यावर पडावं अशा बेतानं त्या तिच्यावर वाकून उभ्या राहिल्या.

मी मात्र ओळखलं होतं. साताऱ्याला गच्चीवरून एकदा पाहिलं होतं. घसा फाटेपर्यंत ओरडले, "ग्रह नाही तो! माणसानं केलेला आहे! माणसानं सोडलाय वर!"

दोन-तीनदा ओरडल्यावर जवळचे थांबले. मग त्यांच्यामागचे. तो तारा आमच्या डोक्यावरून गेला, मृगाच्या वरून, कुणालाही काही न करता. सगळं गाव माना वर करून पाहत होतं. पूर्वेकडे उतरता उतरता तो फिका झाला आणि विझला.

"विझला काहून?" पाटलांनी विचारलं.

"त्याला स्वतःचा उजेड नाही. सूर्याच्या उजेडात चमकत होता. आता पृथ्वीच्या सावलीत गेला. अमेरिकेतल्या लोकांनी चांदीसारख्या कागदाचा फुगा करून वर सोडलाय. आपल्या विहारापेक्षा कितीतरी मोठा. आत काही नाही, पोकळ. दिवसातून कैक वेळा पृथ्वीला फेरी घालतो."

"फुगा," पाटील म्हणाले. मग खुद्कन हसले. त्यांचं पाहून सगळे हसायला लागले, भीती उतरल्यावर माणसं हसतात तसे, पोट धरधरून. हसता हसता पाटलांना आपला हात कुठे आहे ते दिसलं. त्यांनी तो सोडला, पण धुऱ्यापलीकडे गेले नाहीत. तिथेच सतरंजीच्या कडेला खाली बसले. मग इतरही बसले, जिथे जागा मिळाली तिथे.

गंगाबाई अजून कमलजवळच होत्या. पदर काढून घेऊन त्या वर पाहत म्हणाल्या, "मानसानं सोडला?"

"हो."

"मुहूर्त पाहून?"

"नाही. आभाळ मोकळं आहे का, तेवढं पाहतात."

गंगाबाईंनी या कडेपासून त्या कडेपर्यंत आभाळ पाहिलं. चांगला वेळ घेऊन पाहिलं, बाजारात बाई कापड पाहते तसं. मग मनोहरकडे वळून खेकसल्या, "आज तं मोकयं हाय. मंग ताडासारखा उभा काहून हायेस गा? बस नं खाली!"

मेणबत्त्या लावल्या. सगळ्यांनी त्रिशरण म्हटलं, पंचशील म्हटलं, पाठ नसलेल्यांनी नुसते हात जोडले. कमल आणि मनोहरनं एकमेकांना हार घातले. लग्न एवढंच. इतकं साधं लग्न मी पाहिलं नव्हतं, आणि एवढ्या माणसांचंही. नंतर लोकांनी दुर्बीण मागितलीच. मग कृत्तिकांचा पुंजका दाखवला. साध्या डोळ्यांना सहा दिसतात, नळीतून पाहिलं की मोजता येत नाहीत. पाटलांनी पाहिलं आणि म्हणाले, "बाप्पा! एवढ्याईत आपलं हिवरखेड कोन पायते?" पण हे म्हणताना ते मोठे खुशीत होते.

अमरावती, सोमवार

जग बुडलं नाही हे वाचकांना ठाऊकच आहे. मी वऱ्हाडाबरोबर त्याच ट्रकनं अमरावतीला आले. बडनेऱ्याहून दुसऱ्या दिवशीची गाडी धरायची होती. वाटेत ड्रायव्हर सगळ्यांना सांगत होता, की त्याला आधीपासूनच खात्री होती. वावरांतून लोक बाजा डोक्यावर घेऊन घरांकडे परतत होते, जरासे खजील, आणि एकमेकांकडे न पाहता. मला वाटतं, काहींना थोडं चुकल्यासारखंही वाटत असावं.

गंगाबाईंचं घर लहान, अंगणात लिंबाचं झाड. नव्या सुनेला त्यांनी उंबऱ्यावर थांबवलंच नाही. माप नाही, ओवाळणं नाही. "ये वं, आत ये, पाय भाजतीन," एवढंच म्हणाल्या. दुपारी त्यांनी माझ्यासाठी गोवऱ्यांच्या आरात रोडगे भाजले. कणकेचे जाडजूड गोळे, बाहेरून राख झटकायची, फोडून आत तूप ओतायचं, वर वांग्याची भाजी. साताऱ्याला मी तसे करून पाहिले. शेगडीवर ते होत नाहीत.

सांज झाली तेव्हा मी अंगणात पिशवी बांधत होते. गंगाबाई येऊन शेजारी बसल्या. आत कमल आणि मनोहर कशावरून तरी वाद घालत होते आणि हसत होते.

"बाई," गंगाबाई म्हणाल्या, "काल म्या तुमाले एक इचारलं होतं. तुमी सांगितलंच नाई."

मला वाटलं होतं त्या विसरल्या असतील. मी हातातलं काम ठेवलं. "गंगाबाई, मला खरंच माहीत नाही हो."

"शनीच्या पायी नाई?"

"नाही."

"तारखेच्या पायी?"

"नाही."

त्यांनी वर पाहिलं. अंगणातून आभाळाचा तुकडा दिसत होता, त्यात दोन-तीन चांदण्या आलेल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "तारीख म्या धरली होती. सारे नाई म्हनत होते. म्याच म्हटलं, आता आपन कोनाले भेत नाई. मंग ते पोरगी गेली. लोक म्हनत शनी. म्या हो म्हनत जाव. पन बाई, रातच्याले वाटे, शनी कायचा, म्याच."

मी त्यांचा हात धरला.

"तुमी म्हनता वरून कोनी पाहून नाई रायलं."

"कुणी नाही."

"मंग माह्याबी पायी नाई?"

"नाही, गंगाबाई. तुमच्या पायी तर मुळीच नाही."

त्यांनी पदरानं तोंड पुसलं, बराच वेळ पुसत राहिल्या. मग आतून कमलनं हाक मारली, "आई, भाकरी मी थापू की तुम्ही?" आणि त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "थांब वं, आली," म्हणाल्या, "तुले पीठ कुठी हाय ते ठावं नाई."